पेटीतून पाळण्यात : कोणतं साधन कामाचं, कोणतं शोभेचं

इनक्यूबेटर विकायला येणारा प्रतिनिधी पेटी किती लवकर तापते ते दाखवतो. बटण दाबलं, पडद्यावरचा आकडा चढत गेला, ३६ वर स्थिरावला, सगळ्यांनी माना डोलावल्या, झालं. पेटी खाली कशी उतरते हे तो दाखवत नाही आणि घेणाराही विचारत नाही. पण ३० आठवड्यांना जन्मलेलं बाळ १६०० ग्रॅमचं झालं आणि त्याला पाळण्यात न्यायची वेळ आली, की खरी कसोटी तिथेच लागते. हवा अर्ध्या-अर्ध्या अंशाने उतरवायची, बाळ स्वतःची ऊब स्वतः धरतंय का ते पाहायचं, आणि धरत नसेल तर ते वेळेत कळायला हवं. या तीन-चार दिवसांत कोणतं साधन खरंच हात देतं आणि कोणतं नुसताच कोपरा अडवतं, त्याचं हे परीक्षण.

डोळ्यांसमोर आहे ते जिल्ह्याच्या गावातलं आठ-दहा खाटांचं एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. एसी आहे, पण त्याचा झोत नेमका कुठल्या तरी पेटीवर. जनरेटर आहे. रात्रपाळीला एका सिस्टरकडे चार-पाच बाळं आहेत. मोठ्या शहरांतल्या मोठ्या इस्पितळांना यातलं बरंच माहीत असेल. त्यांनी निदान कपड्यांचं प्रकरण वाचावं, कारण तिथे मोठी इस्पितळंही घसरतात.

आधी वजनाचा वाद मिटवू

वर्षानुवर्षं १८०० ग्रॅम हा आकडा धरला जायचा, काही ठिकाणी १७००. त्यामागे अभ्यासापेक्षा सवय जास्त. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या २०११ च्या कॉक्रेन आढाव्याने सांगितलं की तब्येत स्थिर असलेलं मुदतपूर्व बाळ १६०० ग्रॅमला पाळण्यात हलवलं तरी तापमान आणि वजनवाढ बिघडत नाही. २०१९ साली अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून २९ ते ३३ आठवड्यांना जन्मलेल्या बाळांवर १६०० विरुद्ध १८०० अशी थेट चाचणी प्रसिद्ध केली. लवकर हलवलेली बाळं काही लवकर घरी गेली नाहीत, पण त्यांना जास्त त्रासही झाला नाही आणि पाळण्यात गेल्यावर त्यांचं वजन थोडं अधिक वेगाने वाढलं.

तेव्हा ‘लवकर काढा, लवकर घरी जा’ असं आईवडिलांना सांगू नये. लवकर काढण्याचा फायदा वेगळाच आहे. पेटी दुसऱ्या बाळासाठी मोकळी होते, आणि आईला बाळ उचलून घ्यायला दर वेळी दार उघडायची परवानगी मागावी लागत नाही.

१६०० हा आकडा आला म्हणजे झालं असंही नाही. सलाईन बंद हवं, दूध पूर्ण तोंडाने किंवा नळीने चालू हवं. फोटोथेरपी, म्हणजे कावीळ उतरवायला दिलेला प्रकाशाचा उपचार, संपलेली हवी, कारण त्यात बाळ उघडं ठेवावं लागतं. श्वास थांबण्याचे किंवा ठोके मंदावण्याचे प्रसंग गेल्या दोन दिवसांत नसावेत. आणि वजन सलग चार-पाच दिवस चढतं हवं. शेवटची अट सगळ्यांत जास्त मोडली जाते. बाळाला आपल्यासारखं थरथरून अंग तापवता येत नाही. मानेभोवती, खांद्यांच्या मध्ये आणि मूत्रपिंडांभोवती जी तपकिरी चरबी असते ती जाळून ते ऊब करतं. ही चरबी गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत साठते, म्हणजे नेमकी या बाळांना मिळालेली नसते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पेटीबाहेर ऊब धरायला बाळ दुधातल्या कॅलरी वळवतं आणि वजनाचा काटा अडतो. आधीच अडलेल्या बाळाला बाहेर काढलं तर तो मागे फिरतो.

पेटी

पहिली परीक्षा मोडची. स्किन मोडमध्ये पोटाच्या उजव्या बाजूला, यकृताच्या वर, प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, चिकटवतात आणि त्यावर चमकत्या वर्खाचं आवरण लावतात. ३६.५ लावलं की पेटी हवा कमी-जास्त करून त्वचा तिथे धरते. अगदी नाजूक दिवसांत हे उत्तम. पण पाळण्याकडे जाताना हाच मोड आपल्या डोळ्यांवर पट्टी बांधतो. चार्टवर दिवसभर ३६.५, ३६.६, ३६.५, सगळं झकास. आणि त्यासाठी पेटी आत ३४ अंशांची हवा फुंकतेय हे कोणी लिहूनच ठेवलेलं नसतं. बाळ किती तयार झालंय ते हवेच्या आकड्यात दिसतं. म्हणून चार्टला दोन रकाने हवेत, एक बाळाचा, एक हवेचा. हवेचा आकडा चार-सहा दिवसांत सावकाश उतरत असेल तर बाळ तयार होतंय. एकाच पाळीत दोन अंश उतरला असेल तर खूश होऊ नका. बाळाला ताप आला असेल आणि पेटीने तो झाकला असेल.

प्रोबचे दोन अपघात ठरलेले आहेत. सुटून लोंबला तर तो हवा मोजतो, पेटीला बाळ गार वाटतं, ती तापवत सुटते आणि बाळ ३८ वर जातं. बाळ प्रोबवर पालथं झालं तर पोट आणि गादीमध्ये दबलेला प्रोब जास्त गरम वाचतो, पेटी हवा घटवते आणि बाळ गारठतं. दोन्ही वेळा पडद्यावर ३६.५ च दिसू शकतं. झबल्याखाली गेलेल्या प्रोबचंही तेच, कापडात अडकलेली ऊब तो बाळाची समजतो. म्हणून अंगावर कपडे चढले की एअर मोड, ज्यात पेटी त्वचा नाही, आपण लावलेलं हवेचं तापमान धरते. याला अपवाद नको. प्रोबची वायर मुळाशी तुटते आणि ऐन रात्री तुटते. दर पेटीमागे दोन प्रोब जादा घेऊन ठेवा आणि त्यांची किंमत यंत्राच्या किमतीतच धरून घासाघीस करा, नंतर एकेकटा मागवताना तो महाग पडतो.

दुसरी परीक्षा खालच्या टोकाची, आणि आपल्याकडे हिचं महत्त्व जास्त. पेटीत हीटर असतो, थंड करायची सोय नसते. हीटर बंद असला तरी पंख्याची मोटर, आतले सर्किट आणि खुद्द बाळ मिळून आतली हवा खोलीपेक्षा दोन-तीन अंश वरच राहते. बहुतेक माहितीपुस्तिकांत खोलीचं तापमान २० ते ३० असावं असं लिहिलेलं असतं, ते याच कारणासाठी. वीनिंगमध्ये, म्हणजे बाळाची पेटीची सवय हळूहळू सोडवताना, हवा २८ पर्यंत उतरवायची तर खोली २५-२६ हवी. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे एसी थकला आणि वॉर्ड ३० वर गेला की पेटी ३२ च्या खाली यायचंच नाव घेत नाही. सिस्टर २८ लावते, पडदा ‘लावलेलं २८’ दाखवतो, शेजारचा खरा आकडा ३२.४ असतो, आणि चार्टवर लिहिला जातो २८. दुसऱ्या दिवशी एसी दुरुस्त होतो, बाळ पाळण्यात जातं, आणि आठ तासांत परत पेटीत येतं. बाळाचा काही दोष नसतो. २८ ला ते कधी राहिलेलंच नसतं. नेहमी मोजलेला आकडा लिहा, लावलेला नाही. यंत्र घेताना हवेचा आकडा २० ते २५ पासून लावता येतो का ते पाहा. ३० वर अडणारी पेटी या कामाला निरुपयोगी.

डेमोच्या वेळी एक साधी चाचणी करून घ्या. पेटी ३२ वर तासभर चालू ठेवा. गादीच्या मध्यावर, दहा सेंटीमीटर उंचीवर तुमचा स्वतःचा थर्मामीटर टांगा. मग २८ लावा आणि घड्याळ लावून बसा. उतरताना आकडा २८ च्या खाली फार डुबकी मारतो का, पडद्यातल्या आणि तुमच्या आकड्यात पाऊण अंशाहून जास्त फरक पडतो का, हाताच्या दोन खिडक्या पाच मिनिटं उघड्या ठेवून बंद केल्यावर सावरायला किती वेळ लागतो, हे टिपून ठेवा. प्रतिनिधी कंटाळेल, कंटाळू द्या.

डबल वॉल आहे का, हे विचारण्यात काही चूक नाही, पण कशासाठी ते कळलेलं बरं. एकेरी ॲक्रिलिकची भिंत एसीच्या झोतात गार पडते आणि आत हवा ३३ असली तरी बाळ त्या गार भिंतीकडे ऊब फेकत राहतं. प्रारण म्हणतात ते हेच. हवेच्या आकड्यात ते दिसत नाही. दुहेरी भिंतीत आतली भिंत गरम राहते. एकेरी भिंतीची पेटी आधीच घेतलेली असेल तर ती विकू नका, आधी एसीचा झोत वळवा आणि पेटी बाहेरच्या भिंतीपासून, खिडकीपासून दूर सरकवा. उन्हात तर पेटी कधीच नको. ऊन ॲक्रिलिकमधून आत येतं, ऊब बाहेर पडत नाही, आणि पेटी हीटर बंद करून गप्प बसते. बाळ भाजून निघतं.

आवाजाबद्दल एकच. मानकाप्रमाणे आत ६० डेसिबलपर्यंत चालतं, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना वॉर्डाला ४५ च्या आत ठेवा म्हणते. पंख्याचा आवाज सहन होतो, खिडकीची खिट्टी खाडकन बसते तो होत नाही. खिट्टी हाताने दाबून लावून पाहा. पेटीच्या माथ्यावर बाटल्या ठेवायची सवय तर आजच मोडा. हवेचा फिल्टर साधारण दर तीन महिन्यांनी बदलायचा. बदलल्याची तारीख पेटीवर मार्करने लिहिलेली दिसत नसेल तर तो बदललेला नाही असं धरा. हवेत ओलावा देणारी पाण्याची टाकी वीनिंगच्या बऱ्याच आधी रिकामी आणि कोरडी.

वॉर्मर (वरून ऊब देणारी उघडी खाट) आणि पेटी एकातच असलेली हायब्रिड यंत्रं, जसं जीईचं जिराफ ओम्नीबेड, ही पहिल्या आठवड्यांसाठी फार छान आहेत. ड्रेगरच्या बेबीलिओमध्ये वीनिंगसाठी आपोआप उतरत जाणारी वेगळी सोयही आहे. पण पाळण्याच्या वाटेवरच्या १६०० ग्रॅमच्या तब्येतीच्या बाळाने ते यंत्र अडवून ठेवणं म्हणजे टेम्पोच्या कामाला विमान. ती यंत्रं ९०० ग्रॅमच्या बाळासाठी मोकळी करा. वीनिंगला साधी, नीट तपासलेली, हवेचा आकडा खरा सांगणारी पेटी पुरते.

उतरवायचं कसं

हे साधनाच्या परीक्षणात का, तर पेटी चांगली की वाईट ते या रीतीने चालवल्याशिवाय कळत नाही.

सकाळच्या दुधानंतर सुरुवात करा, रात्री कधीच नको. गेल्या दिवसभरात स्किन मोडवर हवा सरासरी किती होती ते पाहा. समजा ३१. एअर मोडवर या, ३१ लावा, बाळाला कपडे घाला, गुंडाळा. तासाभराने काखेत तापमान घ्या. ३६.५ ते ३७.४ मध्ये असेल तर पुढच्या दुधापासून दर तीन तासांनी अर्धा अंश कमी. ३१ वरून २८ म्हणजे सहा पायऱ्या, अठरा तास. दर पायरीनंतर अर्ध्या ते एका तासात काखेतलं तापमान आणि तळपायाला हात. ३६.३-३६.४ आलं तर खाली जाऊ नका, कपड्यांचा एक थर वाढवा, तासाने पुन्हा पाहा. त्याहून खाली गेलं तर एक अंश वर, आणि त्या दिवसापुरतं थांबा. ३७.५ च्या वर गेलं तर आधी एक थर काढा. पॅरासिटामॉलची घाई नको. थर काढूनही तासाभरात खाली आलं नाही, तर डॉक्टरांना बोलवा.

काही वॉर्डांत दिवसाला एकच अंश उतरवतात. १५०० च्या आसपासच्या किंवा वजन हळू वाढणाऱ्या बाळांना ती चाल जास्त मानवते.

२८ ला बाळ १२ ते २४ तास नीट राहिलं आणि दुसऱ्या दिवशीचं वजन घटलं नाही, की पाळणा. पहिल्या तासात दोनदा तापमान, मग दिवसभर दर तीन तासांनी. त्या दिवशी अंघोळ नाही, ओलं पुसणंही जपून. पेटी धुवून दुसऱ्याला द्यायची घाई करू नका. २४ तास ती तापलेली, तयार हवी. थर वाढवून आणि आईच्या छातीशी देऊनही दोनदा ३६.४ च्या खाली आलं तर परत पेटीत, आणि दोन-तीन दिवस विषय बंद.

वजन हाच खरा परीक्षक. १६०० ग्रॅमच्या बाळाला किलोला १५ ते २० ग्रॅमच्या हिशेबाने रोज २४ ते ३२ ग्रॅम वाढायला हवं. रोज त्याच वेळी, त्याच काट्यावर, पूर्ण उघडं, दुधाआधी. काट्यावर गरम केलेलं दुपटं पसरून काटा शून्य करा, नाहीतर वजन करतानाच बाळ गारठतं. काटा ५ ग्रॅमपर्यंत वाचणारा हवा. तापमान ३६.७ आहे आणि वजन दोन दिवस जागचं हललेलं नाही, म्हणजे बाळ ऊब विकत घेतंय आणि किंमत दुधाने चुकवतंय. थर वाढवा, दूध वाढवता येतं का पाहा, नाहीच जमलं तर पेटी.

आणखी एक ओळखून ठेवा. पाळण्यात तीन दिवस छान राहिलेलं बाळ खोली तीच, कपडे तेच असताना अचानक गार पडलं, दूध नको म्हणू लागलं, पोटात दूध साठू लागलं, तर तो पाळण्याचा दोष नाही. आधी संसर्गाचा संशय घ्या, साखर तपासा, डेसिलिटरला ४५ मिलिग्रॅमच्या खाली आहे का पाहा, आणि मग कपड्यांचं बोला.

कपडे

सगळ्यांत स्वस्त साधन आणि सगळ्यांत कमी लक्ष. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, त्वचेच्या साधारण पाचव्या भागाइतकं. म्हणून टोपी. पण वॉर्डात जी टोपी दिसते ती बहुधा प्लास्टरखाली घालायच्या स्टॉकिनेटची नळी कापून, एका टोकाला गाठ मारून केलेली असते. तिच्यात ऊब फारशी धरत नाही, आणि दोन वेळा धुतल्यावर ती सैल होऊन भुवयांवर येते. त्यापेक्षा आत सुती अस्तर लावलेली विणलेली लोकरी टोपी किंवा आजीच्या हातची दोन पदरी कुंची कितीतरी बरी. बंद हनुवटीखाली बांधायचे असतील तर पाळण्यात असेपर्यंतच, सिस्टरच्या नजरेखाली; घरी बंद नसलेली टोपी द्या.

खालून वर असा क्रम: लंगोट किंवा डायपर, पुढून उघडणारं सुती झबलं, पायमोजे, हातमोजे, टोपी, मग दुपट्यात गुंडाळणं, आणि वर एक हलकी शाल किंवा विणलेलं ब्लँकेट. एक जाड घोंगडी घालण्यापेक्षा दोन पातळ थर चांगले, थरांमधली हवाच खरं काम करते. ओला लंगोट हे गारठण्याचं सर्वांत साधं कारण. तापमान कमी आलं की पेटीकडे बघण्याआधी लंगोट चाचपा.

गुंडाळण्याबद्दल आपल्याकडे एक जुनी खोड आहे, पाय सरळ ताणून, कडक बांधून बाळाचा ‘सोट’ करायचा. असं करू नका. खुब्याच्या सांध्याला ते वाईट, आणि छातीवर घट्ट बसलं तर मुदतपूर्व बाळाच्या श्वासालाही. दुपट्याचा वरचा कोपरा दुमडा, बाळाचे हात छातीजवळ, गुडघे पोटाकडे मुडपलेले. खालचा भाग एवढा ढिला हवा की पाय आत बेडकासारखे फाकता आले पाहिजेत. छाती आणि कापडामध्ये आपली दोन बोटं सहज सरकायला हवीत. मुडपलेलं बाळ ऊबही जास्त धरतं, कारण उघडं अंगच कमी पडतं.

शिवून घ्यायचे असतील तर गावातल्या शिंप्याकडून बाळागणिक सहा झबली, सहा दुपटी, तीन टोप्या असा संच करून घ्या. हे सगळं उन्हात वाळलेलं आणि घालण्याआधी थोडं कोमट केलेलं हवं. वॉर्मरखाली दहा मिनिटं ठेवलं तरी पुरे, पण घालण्याआधी गालाला लावून पाहा. गरम पाण्याच्या पिशव्या, बाटल्या आणि हातमोज्यात भरलेलं गरम पाणी वॉर्डात आणूच देऊ नका. या बाळांची त्वचा भाजायला फार उष्णता लागत नाही.

पाळणा

इथे फार लिहिण्यासारखं नाही. चारही बाजूंनी भिंती असलेला पारदर्शक ॲक्रिलिकचा टब, ट्रॉलीवर, चारही चाकांना ब्रेक. जाळीच्या किंवा गजांच्या कडा असलेले लोखंडी पाळणे स्वस्त मिळतात, पण पंख्याचा वारा आरपार जातो; या बाळांसाठी ते नकोत. रेक्झिनची गादी स्वच्छ करायला सोपी पण गार. तिच्यावर दुमडलेली सुती चादर ताणून बसवा, सैल उशी-तक्क्या काही नाही. बाळ उताणं, सपाट. पेटीत पालथं झोपायची सवय लागलेली असते, ती इथे मोडून घ्यायची, कारण घरी ते उताणंच झोपायला हवं. पाळणा एसीखाली, पंख्याखाली, खिडकीला लागून ठेवू नका. खोली २४ ते २६.

पेटीची भिंत गेल्यावर येणारा-जाणारा प्रत्येक जण गालाला हात लावतो. पाळण्याच्या पायथ्याशी हात चोळायच्या सॅनिटायझरची बाटली अडकवलेली असावी. ती सोय नसलेली ट्रॉली घेऊ नका, किंवा तारेने तरी बांधून घ्या.

थर्मामीटर

कपाळावर रोखायची इन्फ्रारेड बंदूक या कामासाठी बाद. टोपी काढल्या काढल्या वेगळा आकडा, पाच मिनिटांनी वेगळा. डिजिटल, काखेत, टोक काखेच्या मध्यावर, हात छातीशी धरून, आवाज झाल्यावरही तीन मिनिटं पूर्ण होईपर्यंत. प्रत्येक बाळाला स्वतंत्र. ३२ च्या खाली काही थर्मामीटर नुसतं ‘एल’ दाखवतात. रेफर होऊन आलेल्या बाळांसाठी कमी आकडे वाचणारा एक तरी वेगळा ठेवा. भिंतीवर खोलीचा थर्मामीटर हवाच. तो नसेल तर वरचं सगळं वीनिंग अंदाजपंचे.

सिस्टरचा हात हाही थर्मामीटरच. पोट कोमट आणि तळपाय कोमट, गुलाबी, म्हणजे ठीक. पोट कोमट, तळपाय गार, म्हणजे बाळ झगडतंय, आकडा अजून पडलेला नाही. दोन्ही गार म्हणजे उशीर झाला.

ऊबेच्या पिशव्या आणि गाद्या

एम्ब्रेस ही भारतात बऱ्याच ठिकाणी पोचलेली पिशवी. आत मेणासारखा पदार्थ, तो ३७ अंशांच्या आसपास घट्ट होत जातो आणि होताना चार ते सहा तास ऊब देत राहतो. विजेविना चालते हा तिचा खरा गुण. ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला बाळ नेताना अँब्युलन्समध्ये ती सोन्यासारखी. पण पेटीतून पाळण्याच्या मधली पायरी म्हणून वापरायची असेल तर एक अडचण आहे. ती ऊब देते, हळूहळू कमी करत नाही. आणि बाळ गार पडलं तर अलार्म देत नाही. बाळ स्वतः किती धरतंय हे कळत नाही, म्हणजे पुन्हा स्किन मोडचाच प्रश्न. प्रवासासाठी घ्या, वीनिंगसाठी नको. गरम पाण्याची किंवा जेलची नियंत्रित गादी पाळण्यात घालायची पद्धत युरोपात आहे, ती या कामाला बरी. आपल्याकडे दुरुस्तीला माणूस मिळेल याची खात्री करूनच घ्या.

कांगारू

पेटी आणि पाळणा यांच्या मधली सगळ्यांत चांगली पायरी विकत मिळत नाही. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा इथे एडगर रे सनाब्रिया यांनी कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरणं, सुरू केली ती पेट्या अपुऱ्या होत्या म्हणून. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या चाचणीत १ ते १.८ किलोच्या बाळांना तब्येत पूर्ण स्थिर व्हायची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलं, तर २८ दिवसांतले मृत्यू साधारण २५ टक्क्यांनी घटले. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना दिवसाचे ८ ते २४ तास कांगारू द्यायला सांगते.

या परीक्षणापुरता मुद्दा असा. वीनिंगच्या दिवसांत आई रोज आठ-दहा तास बाळाला छातीशी घेत असेल तर पेटी-पाळण्याचा निम्मा प्रश्न मिटतो. बाळ तिथे साधारण ३६.८ ला राहतं. त्यासाठी लागतं ते हे: मागे रेलता येणारी खुर्ची, जिचे हात रुंद असतील आणि जी तासाभराने कंबर मोडणार नाही, पुढून उघडणारा गाऊन, आणि बाळाला धरून ठेवणारा लवचिक कापडी पट्टा. बाजारातले वेल्क्रोचे पट्टे महिन्याभरात धुण्याने सुटतात. आईच्या सुती साडीचा किंवा ओढणीचा पट्टा, बाळाच्या कानापर्यंत वर आणि खाली पावलांखाली गाठ, जास्त टिकतो. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून कांगारू देणाऱ्या वॉर्डात आई वीस मिनिटांत उठते, आणि मग ‘आई सहकार्य करत नाही’ असं लिहिलं जातं. खुर्ची घ्या आधी. दोन पेट्यांच्या अंदाजपत्रकात चार चांगल्या खुर्च्या सहज बसतात.

घरी जाताना

पाळण्यात ४८ तास तापमान आणि वजन नीट राहिलं, दूध ओढता आलं, की घरचं बोलता येतं. दवाखान्यातून निघताना घरच्यांना तापमान काखेत कसं घ्यायचं ते करून दाखवा आणि त्यांच्याकडून एकदा करवून घ्या. आशाताई घरी भेट देतील तेव्हा त्यांच्याकडे डिजिटल थर्मामीटर आणि वजनकाटा असतो. कार्डावर शेवटचं वजन ठळक लिहून द्या, म्हणजे वाढ मोजता येईल.

डिसेंबर-जानेवारीत नाशिक, जळगावकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवून धुरी द्यायची पद्धत अजून आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि धूर या फुफ्फुसांना अजिबात नको. त्यापेक्षा कपड्यांचा एक थर वाढवा, कांगारू चालू ठेवा. तेलाचा हीटर असेल तर पाळण्यापासून दूर ठेवा आणि दाराला फट राहू द्या. शंभर-दीडशे रुपयांत मिळणारा खोलीचा थर्मामीटर जरूर आणायला सांगा, आणि तो पाळण्याच्या उंचीवर लावायला सांगा, दारामागे कॅलेंडरच्या खिळ्याला नको.